मदत हवी आहे: लघवीत वेड्यावाकड्या तांबड्या पेशी, भावाची बायॉप्सी करावी का?

नमस्कार मंडळी,

धाकटा भाऊ, वय २४, सांगलीला असतो. महिन्यापूर्वी घसा धरला, ताप आला आणि दुसऱ्याच दिवशी लघवी कोऱ्या चहासारखी झाली. जळजळ नाही, दुखणं नाही. आधी मुतखडा म्हणाले, मग इन्फेक्शन. सोनोग्राफीत खडा नाही, कल्चरमध्ये जंतू नाहीत, तरी अँटिबायोटिकचा कोर्स झालाच. चार दिवसांत रंग निवळला, पण पुन्हा तपासली तर तांबड्या पेशी ३०-४० आणि प्रोटीन दोन प्लस.

मग नेफ्रॉलॉजिस्टकडे (मूत्रपिंडाच्या डॉक्टरांकडे) गेलो. त्यांनी तिथेच ताजी लघवी घेतली, यंत्रात फिरवून तळचा गाळ काचेवर ठेवला आणि मलाही सूक्ष्मदर्शकातून बघायला बोलावलं. पेशी गोल नव्हत्याच. काही फाटल्यासारख्या, काहींच्या कडेला फुगे आलेले, मिकी माऊसच्या कानांसारखे. मध्येच एक लांबट नळकांडं, आत तांबड्या पेशी गच्च. तो कास्ट. डॉक्टर म्हणाले, "खड्याचं रक्त असतं तर पेशी बहुतेक धड असत्या. या मूत्रपिंडाच्या चाळणीतून चेंगरत आल्यात. आणि कास्ट मूत्रपिंडाच्या नळीतच बनतो, मूत्राशयात नाही." आयजीए नेफ्रोपथीचा (आयजीए नावाची प्रतिपिंडं मूत्रपिंडाच्या चाळणीत साचून होणारा आजार) संशय आहे, खात्रीसाठी बायॉप्सी, म्हणजे सुईने मूत्रपिंडाचा बारीक तुकडा काढून तपासणं, सांगितली आहे.

आईच्या समाधानासाठी दुसऱ्या लॅबमध्येही नमुना दिला. सकाळी सातला घरून नेला, तपासला दुपारी. रिपोर्ट: तांबड्या पेशी ८-१०, कास्ट नाहीत. आता आई म्हणते, कमी होतंय, क्रिएटिनिनही (मूत्रपिंडाचं काम कसं चाललंय ते दाखवणारी रक्ततपासणी) ०.९ म्हणजे नॉर्मल आहे, पोराच्या पाठीत सुई कशाला? मला वाटतं नमुना शिळा झाला. ठेवलेल्या लघवीत पेशी फुटतात, कास्ट विरघळतात. आणि बराच बिघाड होईपर्यंत क्रिएटिनिन नॉर्मल राहू शकतं, हे तिला कसं पटवू? फार घाबरली आहे हो ती.

कुणाच्या घरी असं झालंय का? बायॉप्सीनंतर किती दिवस आराम लागला, लघवीतून रक्त गेलं का? सांगली, कोल्हापूर किंवा पुण्यात फेज कॉन्ट्रास्ट (पेशींचा आकार ठळक दाखवणाऱ्या) सूक्ष्मदर्शकाखाली ताजा नमुना लगेच बघणारी लॅब माहीत आहे का? पेशींचा आकार बघून मूत्रपिंडातलं रक्त ओळखता येतं हे मेलबर्नच्या फेअरली आणि बर्च यांनी १९७९ मध्येच मांडलं होतं, तरी आमच्या दोन्ही लॅबच्या रिपोर्टमध्ये आकाराचा रकानाच नाही.

गुरुवारी पुन्हा अपॉइंटमेंट आहे. लघवीचा प्रोटीन-क्रिएटिनिन रेशो १.४ आलाय, म्हणजे प्रोटीन बरंच जातंय. त्याआधी कुणी अनुभव लिहिला तर आईला वाचून दाखवेन.