मदत हवी आहे: सोलापूरच्या पूर्व भागात मुलाला ओळखीचं कसं करू?

आम्ही मूळचे रत्नागिरीचे. यजमानांचं काम यंत्रमाग कारखान्यात, म्हणून अशोक चौकाजवळ भाड्याने राहतो. आजूबाजूला बहुतेक पद्मशाली, म्हणजे तेलुगू विणकर समाजाची कुटुंबं. माणसं प्रेमळ आहेत, अडीअडचणीला धावून येतात, त्याबद्दल तक्रार नाही. पण सगळ्यांची नाती पिढ्यान्‌पिढ्यांची, आणि घरातली, गल्लीतली भाषा तेलुगू. माझा सातवीतला मुलगा खेळायला जातो तेव्हा मुलं आधी मराठीत बोलतात, मग रंगात आली की तेलुगूत. हा गप्प उभा राहतो. हल्ली संध्याकाळी बाहेर जायलाच नको म्हणतो. मला ते फार लागतं.

यूट्यूबवरून तेलुगू शिकवून पाहिलं. ती आंध्रची, पुस्तकी. इथली मराठी मिसळलेली बोली वेगळी पडते. मुलांना घरी खायला बोलावलं, ती आनंदाने आली. नारळी पौर्णिमेला मार्कंडेय महामुनींच्या रथोत्सवालाही सगळे गेलो होतो, पण तिथेही आम्ही बाजूला उभे राहून बघणारेच.

घर किंवा शाळा बदलणं शक्य नाही. महागडा क्लासही नको.

त्याला लेझीम मनापासून आवडते. गणपतीआधी गल्लीत सराव सुरू होतो, पण आमची तिथे कुणाशी ओळख नाही. पूर्व भागात वाढलेल्यांनी कृपया सांगावं: बाहेरच्या मुलाला पथकात घेतात का? मंडळात आधी कुणाशी बोलावं, आणि मी बोलू की यजमानांनी जावं? इथली बोलण्यातली तेलुगू घरी येऊन शिकवणारं कुणी मिळेल का?