पुरवणी पत्र मतदानापूर्वी सभासदांना दाखवावे की नाही?

धागाकर्ता, मालवण
विमान कंपनीच्या वेतन कराराला मागाहून जोडली जाणारी पुरवणी पत्रे, ज्यांना आपण साइड लेटर म्हणतो, ती करारावर मतदान होण्यापूर्वी सभासदांच्या हाती पडलीच पाहिजेत, असे माझे स्पष्ट मत आहे. मी मुंबई विमानतळावर एका कंपनीत 21 वर्षे लोडर होतो. शेवटच्या कराराच्या छापील पुस्तिकेत रजा सेवाज्येष्ठतेने मिळेल असे लिहिले होते आणि त्यावरच आम्ही हात वर केले. भाद्रपदात अर्ज घेऊन गेलो, तेव्हा ड्युटी अधिकाऱ्याने खणातून दीड पानाचा कागद काढला. चतुर्थीच्या आठवड्यात प्रत्येक शिफ्टमधून दोघांनाच रजा, तीही व्यवस्थापन ठरवील त्यांना. खाली आमच्याच सरचिटणीसांची सही. शिफ्टमध्ये आम्ही 14 जण, त्यांतले 9 सिंधुदुर्गातले. पुढचे इथल्या लोकांना सांगायला नको.

उत्तर, रत्नागिरी
काका, तुमच्यावर अन्याय झाला हे मान्य; परंतु वाटाघाटीच्या टेबलावर मी स्वतः बसलेलो आहे, म्हणून विरोध नोंदवतो. आमच्या कमिटीने रात्रपाळीच्या मुलींना घराच्या दारापर्यंत गाडी अशाच पत्रातून मिळवून दिली. तीच मागणी मुख्य करारात घातली असती, तर उद्या प्रत्येक स्टेशन, म्हणजे कंपनीचा प्रत्येक विमानतळ, हेच मागेल असे म्हणून व्यवस्थापनाने ती फेटाळली असती. शिवाय गेट मीटिंगमध्ये मसुदा वाचून दाखवला, की दुसऱ्या दिवशी विरोधी युनियनचे पत्रक तयारच असते.

धागाकर्ता
गाडी मिळवलीत, चांगले केलेत. पण त्या पत्राला आधार कोणता? आमच्या नोकरीच्या काळात लागू असलेल्या 1947 च्या औद्योगिक विवाद कायद्यात, समेट अधिकाऱ्याविना, म्हणजे वाद मिटवणाऱ्या सरकारी अधिकाऱ्याविना, परस्पर केलेला करार 'सेटलमेंट', म्हणजे कायद्याने बंधनकारक तडजोड, ठरण्यासाठी तो विहित पद्धतीने सही केलेला असावा आणि त्याची प्रत सरकारी अधिकाऱ्यांकडे गेलेली असावी, अशी अट होती. खणात राहिलेल्या पत्राला ते बळ येत नाही. कामगार त्यावर दावा करायला गेला, तर पहिल्याच पायरीवर अडतो. अमेरिकेत 1926 चा रेल्वे कामगार कायदा 1936 पासून विमान कंपन्यांनाही लागू आहे, आणि त्याखाली करार व त्यातील बदल 30 दिवसांत राष्ट्रीय मध्यस्थी मंडळाकडे दाखल करावे लागतात. तिथल्या 1959 च्या कायद्याने तर, ज्याच्या हक्कांवर कराराचा थेट परिणाम होतो त्या कामगाराने मागितल्यास युनियनने त्याला प्रत द्यावीच लागते. मला मात्र तो कागद उभ्याउभ्या वाचायला मिळाला, प्रत नाही.

उत्तर, वेंगुर्ले
एखाद्याच्या आजारपणामुळे दिलेली हलकी ड्युटी किंवा शिस्तभंगाची तडजोड चव्हाट्यावर आणू नये, एवढेच माझे म्हणणे. रजा, रोस्टर आणि भत्ते सगळ्यांचे असतात. ते लपवण्याचे कारण मला दिसत नाही.

उत्तर, रत्नागिरी
कायद्याच्या मुद्द्यावर मला प्रामाणिकपणे सांगावे लागेल. नवीन अधिकारी आल्यावर ती गाडी दोन वर्षांत बंद झाली. पत्र दाखवा म्हणाले. आमच्याकडे एक झेरॉक्स होती, ती कंपनीने मानली नाही, आणि सही करणारे दोघेही तोवर निवृत्त झाले होते. तरीही मतदानापूर्वी मसुदा फोडण्यास माझा विरोध कायम आहे. सही झाल्यावर आठ दिवसांत पत्र सूचनाफलकावर लावावे आणि प्रत कामगार आयुक्तांकडे पाठवावी, इथपर्यंत मी यायला तयार आहे.

धागाकर्ता
आठ दिवसांनी फलकावर वाचून हात खाली कसा घ्यायचा, तेवढे सांगा.