ताई स्टाफ नर्स आहे, रोज पेनकिलर खाऊन ड्युटीला जाते, कसं समजावू?

गोदाकाठ:
माझी मोठी बहीण एका खाजगी हॉस्पिटलात आयसीयूला स्टाफ नर्स आहे. कंबर दुखते म्हणून कित्येक महिने झाले, जवळजवळ रोज ॲसिक्लोफिनॅक-पॅरासिटामॉलची गोळी घेऊनच घरातून निघते, युनिफॉर्मच्या खिशात स्ट्रिप असतेच आणि नाइट असली की डोकं दुखतं म्हणून वरून एक कॉम्बिफ्लाम. काही बोललं की म्हणते ॲसिडिटीची पॅन्टॉप घेते ना सोबत, आणि मी रोज पेशंटला औषधं देते, तू मला शिकवू नकोस. कुणाला दाखव म्हटलं तर ओपीडीच्या वेळेला ती वॉर्डात आणि ड्युटी सुटली की झोप. खरंच काळजी वाटते हो. काय सांगू तिला?

मेडिसिन_रेसिडेंट:
ॲसिक्लोफिनॅक आणि कॉम्बिफ्लाममधलं आयबुप्रोफेन एकाच जातीचं औषध आहे, दोन्ही घेऊन आराम दुप्पट होत नाही, त्रास मात्र वाढतो. शिवाय दोन्हीत ३२५ मिग्रॅ पॅरासिटामॉल आहेच, ते कुणी मोजत नाही. पॅन्टॉपने पोटातल्या अल्सरचा धोका कमी होतो, किडनीला त्याचा काही उपयोग नाही. आयसीयूत तासन्‌तास पाणी प्यायला मिळत नाही, आणि अंगात पाणी कमी असताना किडनीचा रक्तपुरवठा ज्या प्रोस्टाग्लँडिन नावाच्या शरीरातल्या रसायनाच्या जोरावर टिकतो तेच ह्या गोळ्या कमी करतात. बीपीची गोळी चालू आहे का?

निवृत्त_सिस्टर:
बाळा, ताईला गोळ्यांवरून रागावू नकोस. बेशुद्ध पेशंट दर दोन तासांनी कुशीवर वळवायचा आणि मदतीला वॉर्डातले मामा-मावशी नाहीत, मग कंबर जाणारच ना. आमच्या वेळी रात्री डायक्लोचं, म्हणजे पेनकिलरचंच, इंजेक्शन एकमेकींना टोचायचो, ना केसपेपर ना कुठे नोंद, कारण रजा मागितली तर बदली माणूस नसायचं. तिला म्हणावं एकटीने पेशंट ओढू नकोस, दोघींनी ड्रॉशीटने (पेशंटखालच्या आडव्या चादरीने) सरकवा आणि आधी बेड कंबरेपर्यंत वर घ्या. इन्चार्जकडे दुपारपाळी मागून सकाळी ऑर्थोला दाखवायचं, स्वतःच्या नावाचा पेपर काढून. कॉरिडॉरमध्ये डॉक्टरला गाठून विचारणं म्हणजे तपासणी नव्हे.

गोदाकाठ:
धन्यवाद सिस्टर. डॉक्टर, बीपीची टेल्मिसार्टन घेते ती 😟

मेडिसिन_रेसिडेंट:
मग ह्याच आठवड्यात क्रिएटिनिन (किडनीची रक्ततपासणी), पोटॅशियम, लघवी आणि हिमोग्लोबिन करा. ह्या पेनकिलरने बीपीही वाढतं आणि टेल्मिसार्टनसोबत किडनीवर जास्त ताण येतो, त्यात पाणी काढायची गोळी असेल तर फारच. पण टेल्मिसार्टन मनाने बंद करायची नाही. आणि डोकेदुखीचा मूळ त्रास असेल तर साधी पेनकिलरसुद्धा महिन्यात १५ किंवा जास्त दिवस, अशी तीन महिन्यांच्या वर घेतली की तिच्यामुळेच डोकं दुखायला लागतं, तेही दाखवताना सांगा. काळी शी, लघवी कमी किंवा पायावर सूज दिसली तर ओपीडीची वाट न बघता थेट कॅज्युअल्टी.