शब्दचर्चा: ‘लूप’ला आवर्तन म्हणावं का?

उंबरठा:
ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये केलेल्या अॅनिमेशनची जिफ (हलत्या चित्राची छोटी फाइल) कशी करायची यावर शिकाऊ मुलांसाठी एक छोटं टिपण लिहितोय. रेंडर (केलेल्या कामातून संगणकाने पक्की चित्रं काढणं), फ्रेम, पॅलेट हे शब्द तसेच ठेवलेत, कारण ‘चित्रचौकट’ कोण म्हणतं हो, सगळे "फ्रेम उडाली", "रेंडरला टाकलंय" असंच बोलतात. अडलंय ते लूपवर, म्हणजे संपलं की पुन्हा पहिल्यापासून चालू होतं त्यावर. पुनरावृत्ती लिहू, फेरा लिहू, की आवर्तन?

सुपारी_कात्रण:
पुनरावृत्ती नको, तो शब्द आला की चुकांची पुनरावृत्तीच आठवते. फेरा म्हणजे थेट चौऱ्याऐंशी लक्ष योनी. आवर्तन चालेल, बँकेतली आवर्ती ठेव आणि गणितातला आवर्ती दशांश सगळ्यांना माहितीये.

धाधिंधिंधा:
आवर्तनाला माझं मत, आणि नुसतं छान वाटतं म्हणून नाही, लूप जुळवायची युक्तीच त्या शब्दात आहे. तीनतालात १६ मात्रा, सोळावी झाली की पुढची मात्रा म्हणजे पुन्हा सम, म्हणजे पहिली, ती सतरावी म्हणून कोणी मोजत नाही. आता समजा एक कप गोल फिरवायचाय आणि एक फेरी ७२ फ्रेमची धरलीय. तर पहिल्या फ्रेमला ० अंशाची ‘की’ (कीफ्रेम, म्हणजे त्या फ्रेमला वस्तू कुठे असावी याची खूण) लावायची, ७३ व्या फ्रेमला ३६० ची, आणि रेंडर करायचा १ ते ७२ एवढाच, म्हणजे दर फ्रेमला कप बरोब्बर ५ अंश सरकतो. पोरं हमखास ७३ वी पण रेंडर करतात, ती दिसायला पहिलीसारखीच असते, मग तेच चित्र लागोपाठ दोनदा येतं आणि दर फेरीला कप क्षणभर अडखळतो. शिवाय ब्लेंडर दोन कींच्या मधली हालचाल आपणहून सावकाश सुरू आणि सावकाश बंद करतो, ती लिनियर, म्हणजे एकसारख्या वेगाची, करून घ्या नाहीतर फ्रेम नीट मोजूनही सांधा दिसणारच.

कालवाकाठ:
आमच्या नगर जिल्ह्यात आवर्तन म्हणजे कालव्याला पाणी सुटणं 😄 "रब्बीचं आवर्तन कधी?" आणि ते संपतं बरं का, लूपसारखं चालू राहत नाही. माझं मत लूपच ठेवा. त्याची क्रियापदंसुद्धा मराठीत रुळलीत, लूप बसला, लूप तुटतोय, गाणं लूपवर टाकलंय. आवर्तनाला ‘वर टाकून’ बघा कसं वाटतं ते.

सुपारी_कात्रण:
पाण्याचं खरंय, पण त्यातूनच उत्तर निघतं की! आवर्तन म्हणजे एक फेरी आणि लूप म्हणजे फिरत राहण्याचा गुण, दोन्ही शब्द लागतील.

अर्धाबाइट:
फाइलमध्येही तसंच आहे. जिफ १९८७ ची, कॉम्प्युसर्व्ह कंपनीची, १९८९ मध्ये सुधारून आली तरी त्यात लूपची सोयच नव्हती, एकदा चालली की थांबली. ती सोय नेटस्केप नॅव्हिगेटर २.० या ब्राउझरने जोडली, आणि आजही फिरणाऱ्या जिफच्या पोटात ‘नेटस्केप२.०’ अशी अकरा अक्षरी खूण (अर्थात रोमनमध्ये) पडून असते, ब्राउझर कधीच गेला तरी. तिच्यापुढे किती वेळा फिरवायचं तो आकडा असतो आणि तिथे शून्य म्हणजे न थांबता. तर टिपणात ‘आवर्तनं: ०’ लिहिलंत तर मुलं म्हणतील चालतच नाही ही. तिथे सरळ ‘कायम फिरती’ लिहा.

उंबरठा:
हे पटलं. लूप ठेवतो आणि एका फेरीला आवर्तन. जिफ की गिफ आणि ती की तो?

अर्धाबाइट:
ज्यानं बनवली तो स्टीव्ह विल्हाइट जिफ म्हणायचा, विषय संपला. फाइल ती म्हणून जिफपण ती. (व्हॉट्सअॅपवर जी जिफ म्हणून फिरते ती बहुतेक वेळा बिनआवाजाची एमपीफोर व्हिडिओ फाइल असते, पण हे कोणाला सांगत बसणार.)

धाधिंधिंधा:
पॅलेटला ‘रंगसंच’ लिहिलंत तरी कळेल, पण एका फ्रेमला जास्तीत जास्त २५६ रंग हे ठळक लिहा. रेंडरमधलं संध्याकाळचं आभाळ जिफमध्ये गेलं की पट्टे पडतात ते त्यामुळेच. एफएफएमपेग (व्हिडिओ बदलायचं सॉफ्टवेअर) वापरणार असाल तर आधी त्यातल्या पॅलेटजेन फिल्टरने त्याच चित्रांमधून पॅलेट काढायची, मग पॅलेटयूजने लावायची. पट्टे लपवायला डिदरिंग, म्हणजे शेजारशेजारी ठिपके टाकून मधल्या रंगाचा भास करणं. त्यात बायर नावाची पद्धत घेतली तर ठिपक्यांची नक्षी जागची हलत नाही, स्थिर भाग पुढच्या फ्रेममध्ये तसाच राहतो आणि फाइल आटोक्यात राहते. सायकल्सचा (ब्लेंडरच्या रेंडर इंजिनचा) नॉइज, म्हणजे चित्रातले बारीक दाणे, आधी काढून टाका, नाहीतर दर फ्रेमला वेगळी रवाळ भिंत आणि फाइल फुगलीच म्हणून समजा.

उंबरठा:
आणि ब्लेंडरचे सेकंदाला २४ फ्रेम तसेच ठेवू?

अर्धाबाइट:
नका ठेवू. जिफमध्ये वेळ सेकंदाच्या शंभराव्या भागात मोजतात आणि पूर्णांकातच, त्यामुळे २४ नेमके बसतच नाहीत. दर फ्रेमला ४ द्या, म्हणजे सेकंदाला २५, वरचा ७२ चा कप २.८८ सेकंदात एक आवर्तन घेईल. १ देऊन पळवायला जाऊ नका, बरेच ब्राउझर तो आकडा मानतच नाहीत, त्याचे १० धरतात आणि कप पळण्याऐवजी रांगायला लागतो.