पॅड, रोटर दोन्ही नवे, तरी ब्रेक दाबला की स्टिअरिंग थरथरतं

नमस्कार मंडळी,

मे महिन्यात गाडीच्या पुढच्या चाकांचे रोटर (चाकाबरोबर फिरणाऱ्या लोखंडी तबकड्या) आणि त्यांना चिमटणारे ब्रेक पॅड मी घरीच बदलले. चार महिने गाडी अगदी अलगद थांबत होती. आता आय-९६ महामार्गावर ताशी ६५ मैलांच्या वेगात ब्रेक दाबला की स्टिअरिंग हातात थरथरतं. एका गॅरेजवाल्याने न उघडताच सांगितलं, रोटर वाकलेत, नवे घाला. चार हजार मैलांत रोटर वाकतात का हो? बायको याच गाडीने मुलांना शाळेत सोडते, त्यामुळे मनातून जात नाही. शनिवारी पुन्हा उघडतो आहे. काय काय बघू?

— नोव्हायहून

---

नोव्हायकर,

रोटर वाकले असं सगळे म्हणतात, पण बहुतेक वेळा रोटर वाकलेला नसतो, तिरका बसलेला असतो. रोटर हबच्या, म्हणजे चाक ज्यावर बसतं त्या भागाच्या, सपाट तोंडावर टेकतो. मिशिगनमध्ये हिवाळाभर रस्त्यावर मीठ पडतं आणि त्या तोंडावर गंजाची खपली धरते. खपली तशीच ठेवून त्यावर नवाकोरा रोटर चढवला की फिरताना तो किंचित डोलतो. बऱ्याच गाड्यांना ही डोल ०.०५ मिलिमीटरच्या आसपासच चालते, म्हणजे केसाच्या जाडीपेक्षाही कमी! डोलणारा रोटर दर फेरीला त्याच जागी पॅडला घासतो, तिथे झिजतो आणि त्याची जाडी कमीजास्त होते. ही झीज हळूहळू होते, म्हणून पहिल्या दिवशी काही कळत नाही आणि काही हजार मैलांनी थरथर सुरू होते. तुमची गोष्ट तंतोतंत अशीच दिसते आहे.

रोटर काढलात की तारेचा ब्रश घ्या आणि हबचं तोंड चकचकीत होईपर्यंत घासा. स्टडच्या, म्हणजे चाक अडकवायच्या बोल्टच्या, बुडाशी गंजाची गोल कडी असते, तिथे ब्रश पोचत नाही. तिथे पॉलिश पेपरची सुरळी करून बोटाने फिरवा. मी एका चाकाला अर्धा तास देतो, आणि अख्ख्या कामातला सगळ्यात मोलाचा अर्धा तास तोच. मग रोटर चढवून लग नट (चाकाचे नट) आवळा आणि कडेपासून साधारण सेंटिमीटरभर आत डायल गेज (बारीक डोल मोजणारं काट्याचं मापक) लावून हाताने फिरवा. काटा किती हलतो ते दिसेल. गेज माझ्याकडे आहे, घेऊन जा.

शेवटी चाकाचे नट टॉर्क रेंचनेच (ठरावीक जोर मोजून आवळणारा पाना), समोरासमोरचे, टप्प्याटप्प्याने आवळायचे. इम्पॅक्ट गनने, म्हणजे नट आवळायच्या यंत्राने, एक नट जास्त, एक कमी झाला तरी रोटर ओढला जातो.

आणि हात जोडून सांगतो, नुसत्या जॅकवर गाडी ठेवून चाकाजवळ बसू नका. जॅक स्टँड लावा, गाडी हलवून बघा, मगच पाना हातात घ्या.

— कँटनचे काका

---

काकांनी सगळं सांगितलंच आहे. माझी दोन वाक्यं, कारण पुढचं झालं की माणूस लगेच मागच्या चाकांकडे वळतो. मागे इलेक्ट्रिक पार्किंग ब्रेक असेल तर पिस्टन (पॅडला रोटरवर ढकलणारा दट्ट्या) क्लॅम्पने दाबू नका, आतली मोटरची यंत्रणा तुटू शकते. आधी गाडी ब्रेक सर्व्हिस मोडमध्ये घ्यायची, मोटर मागे सरकू द्यायची, मग दाबायचं. आणि कॅलिपर (पॅड धरणारा चिमटा) काढल्यावर तो ब्रेकच्या रबरी नळीवर लोंबकळत ठेवू नका, तारेने स्प्रिंगला बांधा. नळी आतून फाटली तर बाहेरून दिसत नाही.

— ट्रॉयहून, वहिनी

---

काका, वहिनी,

शनिवारी उघडलं. उजव्या हबवर दोन स्टडच्या मध्ये नखाएवढी खपली होती, रोटरच्या आतल्या बाजूला तिचा तपकिरी ठसाही उमटला होता. मे महिन्यात मी फक्त फडक्याने पुसून वर रोटर चढवला होता. गेजवर उजवीकडे डोल ०.१३ मिलिमीटर आली, घासल्यावर ०.०३. डावीकडे आधीच ०.०४ होती. मायक्रोमीटरने जाडी आठ ठिकाणी मोजली तर उजव्या रोटरमध्ये ०.०३ मिलिमीटरचा फरक निघाला, म्हणून दोन्ही बाजूंचे रोटर आणि पॅड नवे घातले. नव्या रोटरवरचं तेल ब्रेक क्लीनरने पुसलं. चाकं लावल्यावर, गाडी सुरू करण्याआधी, पेडल कडक होईपर्यंत पंप केलं. मग नवे पॅड-रोटर एकमेकांवर नीट बसावेत म्हणून मोकळ्या रस्त्यावर ३५ वरून ५ मैलांपर्यंत आठ-दहा वेळा हळूहळू वेग उतरवला, पूर्ण थांबलो मात्र नाही.

काल ७० वरून ब्रेक दाबला, स्टिअरिंग स्थिर. आज सकाळी मुलं त्याच गाडीने शाळेत गेली. शंभर मैल झाले की नट पुन्हा टॉर्क रेंचने तपासतो. गेज कोजागिरीला मंडळात घेऊन येतो, काका.

— नोव्हायहून