लाल कॅलिपर, दीड हजारांत, घरच्या घरी : करावं की नको?

रविवारचा_पान्हा
अलॉय व्हीलच्या फटींतून आत डोकावलं की बहुतेक हॅचबॅकमध्ये दिसतो तो गंजलेला कॅलिपर, म्हणजे चाकाबरोबर फिरणाऱ्या चकतीवर (डिस्कवर) दोन्हीकडून ब्रेक पॅड दाबणारी पकड. बिडाचा असतो, वर नावापुरता मुलामा. दोन पावसाळ्यांत तांबूस, रत्नागिरी-मालवणकडे त्याच्याही आधी. डिटेलिंगवाले रंगवायचे काही हजार सांगतात. माझं मत स्पष्ट आहे: पुढचे दोन कॅलिपर घरी, एका रविवारी, दीड हजाराच्या आत होतात आणि त्यात घाबरण्यासारखं काही नाही.

सामान: ब्रेक क्लीनरचा ५०० मिलीचा डबा, तारेचा ब्रश आणि जुना टूथब्रश, ८० आणि १८० नंबरचा पॉलिश पेपर, मास्किंग टेप, स्वयंपाकघरातली फॉइल, ४०० मिली हीटप्रूफ स्प्रे. मास्क आणि हातमोजे हवेतच.

मागच्या चाकांना लाकडी ठोकळे लावा, नट गाडी जमिनीवर असतानाच थोडे सैल करा, मग जॅक आणि त्यावर न थांबता जॅक स्टँड. कॅलिपर काढायची गरज नाही, स्टिअरिंग पूर्ण वळवलं की तो हाताशी येतो. ब्रेकच्या धुळीवर हवा मारू नका, क्लीनर फवारून ओलीच पुसून घ्या. गंज खरवडा, पेपर मारा, पुन्हा क्लीनर. डिस्क आणि पॅडवर फॉइल. ब्लीड निपल (ब्रेक ऑईलमधली हवा काढायची छोटी तोटी), होज पाइप आणि सगळ्या रबर बूटांवर (रबरी टोप्यांवर) टेप. स्प्रे वीत-सव्वा वीत लांबून, पहिला हात अगदी धुरळ्यासारखा, मग १०-१५ मिनिटांच्या अंतराने आणखी दोन. रात्रभर वाळू द्या. झालं.

घाटउतार
पान्हासाहेब, कृती नीट लिहिलीत, पण क्रम उलटा आहे. ज्या गाडीचं ब्रेक ऑईल चार वर्षांत बदललेलं नाही तिचे कॅलिपर लाल करून काय साधणार? डॉट ४ (ब्रेक ऑईलची एक प्रत) नवं असताना किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही, पण ते हवेतलं पाणी ओढतं आणि पाणी ३.७ टक्क्यांवर गेलं की हीच मर्यादा १५५ वर येते. डॉट ३ चे आकडे २०५ आणि १४०. खंबाटकी किंवा आंबा घाट तिसऱ्या-चौथ्या गिअरमध्ये ब्रेक दाबत उतरणाऱ्यांना पेडल अचानक स्पंजासारखं का होतं, त्याचं उत्तर या आकड्यांत आहे: ऑईल उकळून आत वाफ होते. दीड हजार खर्चायचेच असतील तर आधी ऑईल बदला.

दुसरं, "कॅलिपर काढायची गरज नाही" याला माझा ठाम विरोध. हॅचबॅकचा एका पिस्टनचा (ऑईलच्या दाबाने पॅड ढकलणाऱ्या दट्ट्याचा) कॅलिपर दोन गाइड पिनांवर सरकतो. पिन सुकली की एकच पॅड घासतो आणि गाडी एका बाजूला ओढते. चाक निघालंच आहे, तर पिनांचे दोन बोल्ट सोडायला किती वेळ लागतो? कॅलिपर तारेने सस्पेन्शनच्या स्प्रिंगला टांगा, होजवर लोंबकळत ठेवू नका. तो बाहेर असताना कुणी ब्रेक पेडलला पाय लावायचा नाही, पिस्टन निसटून बाहेर येईल. पिना पुसून त्यांना सिलिकॉन ग्रीस लावा. बसवल्यावर गाडी हलवण्याआधी पेडल कडक होईपर्यंत पंप करायचं. हे विसरलात तर गेटपाशीच कळेल.

बिडाचा_मित्र
घाटउतार यांच्या ग्रीसच्या मुद्द्याला जोड. गॅरेजमध्ये सगळं रॉकेल-डिझेलने धुवायची पद्धत आहे, इथे ती अजिबात नको. पिस्टनचं सील आणि बूट बहुतेक वेळा ईपीडीएम नावाच्या कृत्रिम रबराचे असतात. ग्लायकॉलवाल्या ब्रेक ऑईलमध्ये ते वर्षानुवर्षं टिकतं, पण पेट्रोल, डिझेल, रॉकेल किंवा साधं पिवळं ग्रीस लागलं की फुगतं. फुगलेलं सील पिस्टन मागे येऊ देत नाही, मग ब्रेक अडकतो. शिवाय रॉकेलचा तेलकट थर राहतो आणि त्यावर रंग धरत नाही. म्हणजे दोन्हीकडून नुकसान.

डब्यावरचा_आकडा
आता रंगाबद्दल. "हीटप्रूफ ६०० अंश" म्हणून सायलेन्सरचा सिंगल-पॅक स्प्रे घेतला जातो, आणि फसगत इथेच होते. त्यातलं सिलिकॉन रेझिन नीट पक्कं व्हायला साधारण २०० अंशांची भट्टी लागते. शहरात चालणाऱ्या गाडीचा कॅलिपर तिथवर जातच नाही. वरून वाळलेला दिसतो, आतून कच्चा. नख मारून बघा, खूण उठते. ब्रेक ऑईलचा एक थेंब पडला की दहा मिनिटांत तिथली कातडी सुटते.

मुळात ६०० अंश हवेत कुणाला? पिस्टनपाशी तापमान दोनशेच्या वर टिकलं तर रंग जळायच्या आधी आतलं ऑईल उकळेल. म्हणून टू-पॅक (रंग आणि हार्डनर वेगळे, लावताना मिसळायचे) इपॉक्सी किंवा पीयू (पॉलियुरेथेन) घ्या आणि अर्ध्या इंची ब्रशने लावा. हार्डनरचं प्रमाण डब्यावर असेल तेच, डोळ्याच्या अंदाजाने नाही. दोन कॅलिपरना १०० मिली पुरून उरतो, आणि ब्रशने रंग हवेत उडून जात नाही. पीयूच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं, त्यामुळे घरी त्याचा स्प्रे करूच नका, साधा मास्क त्याला पुरत नाही.

घरात उरलेला ऑईल पेंट आणि खाली रेड ऑक्साइड मारणारेही भेटतात. पहिल्याच घाटात पिवळा पडून मऊ होतो, वर ब्रेकची धूळ चिकटते. कितीही धुवा, जात नाही.

रविवारचा_पान्हा
टू-पॅक मान्य, तरी बजेट दीड हजारातच राहतं. रॉकेलचंही मान्य. पण कॅलिपर काढायचा आग्रह नवशिक्यांसाठी मला पटत नाही. ज्याच्याकडे टॉर्क रेंच (ठरलेल्या ताकदीनेच आवळणारा पान्हा) नाही तो पिनचा बोल्ट एकतर सैल ठेवणार किंवा आटे घालवणार. हे बोल्ट चाकाच्या नटांच्या मानाने फारच कमी ताकदीने आवळायचे असतात आणि हाताला ते कळत नाही. त्यापेक्षा मागची बाजू कमी रंगवलेली चालेल. कोण बघतंय?

घाटउतार
ज्याला दोन बोल्ट आवळायची भीती वाटते त्याने ब्रेकजवळ तारेचा ब्रश घेऊन जावंच का, हा माझा प्रश्न आहे. बूट असा फाटतो की पुढच्या पावसाळ्यापर्यंत कळत नाही. टॉर्क रेंच मागून आणता येतो, आकडा त्या मॉडेलच्या सर्व्हिस मॅन्युअलमधूनच घ्यायचा.

चार_नट
दोघांनीही सोडलेली जागा: रंग कुठे लागू नये. हातात ब्रश आला की उत्साहात मागच्या चाकांचे ब्रेक ड्रमही रंगवले जातात. ड्रमची कड रंगवा, पण चाक जिथे टेकतं तो चपटा भाग नाही. पुढे डिस्कच्या टोपीचंही (मधल्या उंच भागाचंही) तेच. तिथला रंग चाकाच्या दाबाखाली चेपतो, नटांचा ताण उतरतो आणि ते सैल पडतात. बाकी कुठेही हलगर्जीपणा चालेल, इथे नाही. रंगकाम झाल्यावर ५०-१०० किलोमीटरनंतर नट पुन्हा तपासा.

पॅडचे कान ज्या खाचेत सरकतात तिथेही थेंब नको, पॅड तिथेच रुतून बसतो. ब्लीड निपलवर रंग साचला तर पुढच्या वेळी पान्हा नीट बसत नाही, षटकोनाच्या कडा जातात. डिस्कवर फवारा उडालाच तर गाडी चालवण्याआधी ब्रेक क्लीनरने पुसा. "ब्रेक मारून जाईल आपोआप" म्हणणाऱ्यांच्या पॅडवर तो रंग जातो.

प्लॅस्टिक_कव्हर
आणि ज्यांच्या गाडीला स्टीलचे रिम आणि वर व्हीलकव्हर आहे त्यांनी कुठला रंग घ्यावा?

डब्यावरचा_आकडा
उरला असेल तो. खरं सांगायचं तर मागे ड्रम असलेल्या गाडीला भडक लाल मला हास्यास्पदच वाटतो. काळा किंवा गडद राखाडी घ्या, धूळही कमी दिसते. फक्त जुलैत करू नका. दमट हवेत इपॉक्सीवर चिकट, धुरकट थर येतो. नोव्हेंबरपर्यंत थांबा.