शनिवारचा तास: पोरांनीच पोरांना शिकवायचं, हे बरोबर आहे का?

कंदीपेढा
आमच्या गावातल्या वाचनालयात (सातारा जिल्हा एवढंच सांगतो, नाहीतर उद्या चहाच्या टपरीवर माझीच चर्चा) आम्ही तिघं जण जूनपासून एक उद्योग करतोय. शनिवारी सकाळची शाळा सुटली की नववीची पोरं सहावी-सातवीच्या पोरांना गणित शिकवतात, दीड तास, फी बी काही नाही. आम्ही मोठी माणसं फक्त सतरंज्या घालतो आणि भांडणं सोडवतो. दिवाळीनंतर दोन पालकांनी पोरं काढून घेतली, म्हणाले हा टाइमपास आहे. मला ते पटलेलं नाही, का ते सांगतो.

सहावीतल्या एकानं वहीत लिहिलं 1/2 + 1/4 = 2/6. मी तोंड उघडणारच होतो, छेद समान कर वगैरे, तेवढ्यात शिकवणारी पोरगी म्हणाली, "अर्धी भाकरी खाल्लीस, वर चतकोर खाल्लीस, पोटात किती गेली?" तो म्हणाला पाऊण. "आणि वहीत किती गेली?" तो 2/6 कडं बघत बसला, बराच वेळ, मग स्वतःच म्हणाला, "आयला, ही तर अर्धीपेक्षा पण कमी झाली." चतकोर आणखी खाऊन भाकरी कमी कशी होईल, हे त्याला दिसलं आणि छेदाचं त्यानंतर आलं. मी आयुष्यभर हिशेबाची कामं केली, मला हे सुचलं नसतं.

फळाखडू
मी माध्यमिकला गणित शिकवतो, 20 वर्षं झाली. भाकरीचं उदाहरण झकास आहे, पण तुम्ही चांगला शनिवार सांगितला, वाईट शनिवार मी सांगतो. माझ्या वर्गात एकानं मित्राला शिकवलं, "मायनस मायनस प्लस." झालं. त्या मित्रानं −3 − 5 चं उत्तर +8 काढलं, आणि त्याच्याकडून बाकाबाकावर ते पसरलं. नियम गुणाकाराचा, लावला बेरीज-वजाबाकीला. मी फळ्यावर संख्यारेषा काढून किती वेळा दाखवलं, तरी चाचणीत +8 च. मित्रानं सांगितलेलं डोक्यात घट्ट बसतं हो, मास्तरनं सांगितलेलं बसत नाही, आणि शिकवणाऱ्या पोराला आपण चुकतोय हे कळतच नाही, तो ठामपणे सांगतो. तुमच्या सतरंजीवर ते बघायला कोण असतं?

दोनपोरांचीआई
दादा, तुम्ही शिकणाऱ्या पोराचं सांगितलंत, शिकवणारीचं कोण बघतं? माझी मोठी नववीत आहे. तिच्या शाळेत बाईंनी तिला 'छोटी टीचर' केलंय, मागं पडलेल्या सहा मुली तिच्याकडं सोपवल्या. घरी येते तेव्हा घसा बसलेला असतो, स्वतःचा भूमितीचा गृहपाठ तसाच. बाईंना विचारलं तर म्हणाल्या, शिकवल्यानं तिचंच पक्कं होतं. होत असेल एकदा, दोनदा, पण तोच अपूर्णांक सहाव्यांदा सांगून काय पक्कं होणार? पुढच्या वर्षी दहावी आहे. हुशार पोर म्हणजे शाळेला फुकटात मिळालेली शिक्षिका, असं झालंय सगळं.

जुनंदप्तर
ताईंनी नेमकं बोट ठेवलं. ही आयडिया काही नवी नाही. अँड्र्यू बेल नावाचा पाद्री 1789 मध्ये मद्रासच्या मुलांच्या अनाथालयाचा कारभार बघायला लागला. मलबारी शाळेत पोरं वाळूत बोटानं अक्षरं गिरवताना त्यानं बघितली, ते आपल्या अनाथालयात आणलं आणि मोठ्या पोरांना धाकट्यांचे मास्तर केलं. 1797 ला त्यानं त्यावर लिहिलं, इंग्लंडमध्ये जोसेफ लँकेस्टर नावाच्या मास्तरनं तशाच शाळा काढल्या, एका मास्तरच्या हाताखाली शेकड्यांनी पोरं. का? स्वस्त पडायचं म्हणून. आपल्याकडं पण आता तेच चाललंय, शिक्षकांच्या जागा भरायच्या नाहीत आणि त्याला गोंडस नाव द्यायचं.

दोनशिक्षकी
जुनंदप्तर, तुम्ही कधी चार वर्ग एकत्र सांभाळलेत का? मी जिल्हा परिषदेच्या शाळेत आहे, पहिली ते चौथी आणि आम्ही दोघं. शिक्षण हक्क कायद्यात 60 पटापर्यंत दोनच शिक्षक, म्हणजे आमची शाळा कायद्यानंच तशी आहे, त्यात निवडणुकीची कामं वेगळी. मी पहिलीच्या पोरांबरोबर अक्षरांवर बसतो तेव्हा तिसरी-चौथीनं काय करायचं, हाताची घडी? आमच्याकडं विषयमित्र असतात, चौथीतली पोर दुसरीतल्याला वाचून दाखवते, चुकलं तर मला हाक मारते. पुणे जिल्ह्यात खेड तालुक्यातल्या जालिंदरनगरच्या शाळेचं नाव ऐकलंय ना, 2025 ला जगातल्या सर्वोत्तम शाळांच्या बक्षिसात लोकपसंतीचा मान मिळाला, त्यांचा गाजलेला भाग हाच विषयमित्रांचा.

जुनंदप्तर
सर, रागावू नका, पण तुम्ही माझंच म्हणणं सांगताय. नाइलाजानं केलं आणि जमलं, म्हणून तिसरा शिक्षक नको असं होत नाही.

दोनशिक्षकी
तिसरा शिक्षक द्या, मी हार घालून आणतो. पण तो आला तरी विषयमित्र बंद करणार नाही. दुसरीतलं पोर मला "सर कळलं" म्हणतं आणि चौथीतल्या ताईला म्हणतं "परत सांग". एवढा फरक आहे, आणि माझ्यासाठी तो पुरे आहे.

मागचाबाक
मी 'ढ' होतो, म्हणून मला बोलू द्या. आमच्या वर्गात हुशार आणि कच्चा अशी जोडी लावायचे, एकाच बाकावर, वर्गातलाच पोरगा. माझा जोडीदार माझी वही इन्स्पेक्टरसारखा तपासायचा आणि चुकलं की मागं वळून अख्ख्या वर्गाला सांगायचा, "ह्याला अजून नऊचा पाढा येत नाही." मी दोन महिने मुद्दाम वही घरी विसरलो. पुढं शेजारचा दादा, माझ्याहून तीन वर्षं मोठा, ओट्यावर बसवून पाढे करून घ्यायला लागला, त्याला पण मधले पाढे अडायचे, मग दोघं बोटं मोजायचो. त्याच्यासमोर कधी लाज वाटली नाही. त्यामुळं कंदीपेढांचं नववीनं सहावीला शिकवणं मला पटतं. वर्गमित्रानं वर्गमित्राला, हे कुणीतरी बंद करा राव.

फळाखडू
हे मात्र खरं आहे, मी स्वतः तशा जोड्या लावल्यात. विचार करायला लावलंत. पण माझा प्रश्न अजून तिथंच आहे, −3 − 5 कोण पकडणार?

कंदीपेढा
खरं सांगतो सर, आमच्याकडं कुणी पकडत नव्हतं. तुमची पोस्ट वाचून काल सातवीच्या वह्या चाळल्या, तीन वह्यांत +8 निघालं, चोर आमच्याच सतरंजीवर होता. तर असं ठरवतोय: शुक्रवारी संध्याकाळी शिकवणाऱ्या पोरांचाच अर्धा तास, शनिवारी काय घ्यायचं आणि त्यात पोरं कुठं घसरतात तेवढंच. आणि ताई, तुमचं पण घेतलं, एका पोराला महिन्यात दोनच शनिवार, तेही एकाच सहावीतल्यासाठी, आणि जानेवारीत नववीवाल्यांना सुट्टी. पोरं कमी पडतील बहुतेक, मग काही शनिवार बंद ठेवावे लागतील. आता शुक्रवारचा अर्धा तास घेणारा गणितवाला कुठनं आणू ते सांगा.

दोनपोरांचीआई
एकाला एक असेल तर माझी हरकत नाही. सहाजणी मात्र नाहीच.

फळाखडू
शुक्रवारी साडेपाचनंतर मोकळा असतो, मीही सातारा जिल्ह्यातलाच. गाव कुठलं ते मेसेजमध्ये टाका. पहिला शुक्रवार संख्यारेषेचा, भाकरी नंतर.